जुना कीबोर्ड, नवा कीबोर्ड आणि दिवसभर मराठी टाइप करणारी बोटं

तासगावात डीटीपी आणि टायपिंगची कामं घेणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: "वडिलांच्या वेळचा खटखट वाजणारा कीबोर्ड बंद पडला. तेव्हापासून आणलेले नवे कीबोर्ड हाताला बसतच नाहीत. संध्याकाळी पेरं दुखतात, मध्येच अक्षरं गळतात. जुने कीबोर्ड खरंच चांगले होते, की आम्हालाच सवयीमुळे तसं वाटतं? आता घ्यायचा तर कोणता घ्यावा?" सोबत जुन्या कीबोर्डाचा फोटोही आहे.

ताई, सवयीचा वाटा आहेच, पण पेरं सवयीने दुखत नाहीत. मी सांगलीत आधी टाइपरायटर आणि नंतर कॉम्प्युटर दुरुस्त करत आलोय. आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक बहुतेक टाइप करूनच पोट भरणारं: कोर्टाबाहेरचे दस्तलेखक, डीटीपीवाले, अडत दुकानांतले दिवाणजी, टायपिंग इन्स्टिट्यूटवाले. ही मंडळी "जुना बरा होता" म्हणतात तेव्हा त्यांना एकच गोष्ट सांगायची असते, फक्त ती नेमकी शब्दांत येत नाही. जुना चांगला कीबोर्ड अक्षर उमटल्याची खबर बटण तळाला टेकायच्या आधी द्यायचा. आजचा स्वस्त कीबोर्ड तळाला आपटल्याशिवाय अक्षरच देत नाही. तुमच्या दुखण्याचं मूळ यातच आहे.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर चारपाचशे रुपयांचा कुठलाही कीबोर्ड पालथा घालून स्क्रू काढा. आत प्लॅस्टिकचे तीन पातळ कागद एकावर एक ठेवलेले दिसतील. वरच्या आणि खालच्या कागदावर चंदेरी रेषा छापलेल्या असतात, आणि मधल्या कागदाला प्रत्येक बटणाखाली एक भोक असतं. या तिघांवर रबराच्या छोट्या टोप्यांची अख्खी चादर पसरलेली असते. बटण दाबलं की टोपी आधी अडून बसते, मग एकदम खचते. खचल्यावर तिच्या आतला दांडा वरचा कागद त्या भोकातून खालच्या कागदाला टेकवतो आणि अक्षर उमटतं. म्हणजे सगळा विरोध सुरुवातीला आणि अक्षर अगदी शेवटी. मधे बोटाला काही कळत नाही. अक्षर गळू नये म्हणून बोट आपोआप प्रत्येक बटण तळापर्यंत ठोकायला शिकतं. दिवसाला वीस-पंचवीस पानं टाइप करणाऱ्याची बोटं दिवसभर टेबलावर आपटत असतात असं समजा. टोपी जुनी झाली की तिचं खचणं गिळगिळीत होतं, काही बटणं कडक आणि काही मऊ लागतात, आणि अक्षरं गळायला लागतात.

आता जुन्यांकडे येऊ. सगळं जग ज्याचे गोडवे गातं तो आयबीएमचा मॉडेल एम १९८५ मध्ये आला. त्याच्या आधी १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीसोबत ८३ बटणांचा मॉडेल एफ होता. दोन्हींत बटणाखाली एक उभी बारीक स्प्रिंग असते. बटण खाली जाताना ती दबत राहते आणि एका ठरावीक जागी बाजूला वाकून मोडल्यासारखी लचकते. ती लचकली की तिच्या पायाशी असलेली छोटी हातोडी उलटते आणि त्याच क्षणी अक्षर जातं. खट्‌ आवाज, बोटाला लागलेला झटका आणि पडद्यावरचं अक्षर, तिन्ही एकाच घटनेतून निघतात. म्हणून त्यावर लिहिणाऱ्याला बटण तळाला नेण्याची गरज उरत नाही. खट्‌ झालं की बोट पुढच्या अक्षराकडे.

लोकांना ऐकून नवल वाटतं, पण मॉडेल एमच्या त्या हातोडीखाली मेंब्रेनच आहे, तेच प्लॅस्टिकचे कागद. मॉडेल एफमध्ये विजेचा भार मोजणारी पट्टी होती. ती महाग पडायची, म्हणून एममध्ये खर्च वाचवला. तेव्हा दुकानदाराने "हा मेंब्रेन आहे, म्हणजे हलका" असं सांगितलं तर तेवढ्यावर जाऊ नका. मेंब्रेनच्या वर काय बसवलंय त्यावर सगळं अवलंबून असतं.

जोराचाही एक गैरसमज आहे. जुन्यांना जोर जास्त लागायचा म्हणून ते दणकट, असं बरेच जण म्हणतात. मॉडेल एमला साधारण ६५ ते ७० ग्रॅमचा जोर लागतो आणि रबरी टोपीलाही त्याच्या आसपासच लागतो. फरक पडतो तो जोर कुठल्या टप्प्यावर लागतो आणि कुठे सुटतो याने. टाइपरायटरवर शिकलेल्या माणसाला हे लगेच पटेल. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला. त्या जातीच्या मशीनवर बोट मारून लगेच काढून घ्यायचं असतं, पुढचं काम खिळ्याची दांडी स्वतःच्या वेगाने करते. दाबून धरणाऱ्याचं अक्षर पुसट येतं. त्या हाताला स्प्रिंगचा कीबोर्ड ओळखीचा वाटला यात काही नवल नाही, कारण आयबीएम स्वतःच मोठी टाइपरायटरवाली कंपनी होती. १९६१ पासून तिचा सिलेक्ट्रिक नावाचा विजेवरचा टाइपरायटर ऑफिसांत होता आणि त्यावर काम करणाऱ्यांसमोरच पुढे कॉम्प्युटर ठेवायचा होता.

तुमच्या फोटोतला कीबोर्ड आयबीएमचा नाही, टीव्हीएस गोल्ड आहे. आपल्याकडे खटखटीचं दुसरं नाव म्हणजे हाच. बँकेचं काउंटर, एसटीचं बुकिंग, मेडिकल दुकान, रेशनचं ऑफिस, डीटीपी, कुठेही बघा. त्यात जर्मन चेरी कंपनीचे एमएक्स निळे स्विच असायचे. या जातीचे स्विच १९८० च्या दशकात आले. प्रत्येक बटणाखाली एक स्वतंत्र स्विच, आणि त्यात दोन भागांची दांडी: एक निळी आणि तिच्यावर सैल बसलेलं पांढरं कडं. बटण साधारण दोन मिलिमीटरच्या पुढे गेलं की कडं उसळून खाली आपटतं आणि टिक्‌ वाजतं. संपर्क जुळायचं काम शेजारी सोन्याचा मुलामा असलेली पत्ती करते. पूर्ण प्रवास चार मिलिमीटरचा, म्हणजे अक्षर अर्ध्या वाटेवरच जातं.

चोखंदळ माणूस इथे आयबीएमशी फरक काढेल आणि त्याचं बरोबर आहे. आयबीएमच्या स्प्रिंगमध्ये आवाज आणि अक्षर एकाच कृतीतून निघतं. चेरी निळ्यात आवाज कड्याचा आणि अक्षर पत्तीचं. दोन्ही अगदी जवळजवळ घडतात, पण एकच नाहीत. शिवाय कडं पुन्हा जागेवर यायला बटण बरंच वर सोडावं लागतं, म्हणून एकच अक्षर भराभर दोनदा मारताना किंचित अडकल्यासारखं होतं. तरीही रोजच्या कामाला हा स्विच रबरी टोपीच्या कितीतरी पुढे आहे. वडिलांनी घेतला तेव्हा तो त्या काळातला शहाणपणाचा सौदा होता.

मग असे कीबोर्ड गेले कुठे? पैशाने घालवले. १९८१ चा आयबीएम पीसी अगदी साध्या रूपात १,५६५ डॉलरला मिळायचा. त्यात भारी कीबोर्ड बसवणं परवडायचं आणि विकत घेणारं ऑफिसही टायपिस्टच्या बोटाला विचारूनच घ्यायचं. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरची किंमत पडत गेली आणि कीबोर्ड हा मशीनसोबत खोक्यात फुकट पडणारा डबा झाला. दोन किलोच्या पुढचा मॉडेल एम आणि अर्ध्या किलोचा आजचा डबा शेजारी ठेवा, पोलादी पत्रा कुठे गेला ते समजेल. पत्रा गेला की बटण मारल्यावर अख्खी फळी लवते आणि सगळं पोकळ वाजतं. मॉडेल एमच्या आतला पत्रा वाकडा, बशीसारखा खोलगट असतो. त्यामुळे प्रत्येक ओळीचा उतार बोटाच्या वळणाप्रमाणे बदलतो. आजच्या सपाट, चॉकलेटच्या वडीसारख्या बटणांच्या कीबोर्डात ही गोष्ट पार गेली. माझ्या मते आवाज जाण्यापेक्षा हे नुकसान मोठं, पण त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आता जुन्यांची दुसरी बाजू. जुने सगळे चांगले नव्हते, वाईट होते ते भंगारात गेले, म्हणून आज डोळ्यांसमोर फक्त चांगले उरलेत. आयबीएमनेच १९८४ मध्ये पीसीज्युनियर नावाचा घरगुती कॉम्प्युटर आणला, त्याचा कीबोर्ड कॅल्क्युलेटरसारख्या रबरी चौकोनांचा होता. लोकांनी इतकी नावं ठेवली की कंपनीला तो बदलून द्यावा लागला. त्या काळी स्पंज आणि फॉइलवाले कीबोर्डही भरपूर होते. प्रत्येक बटणाखाली स्पंजचा तुकडा आणि त्याला चिकटवलेली चकचकीत चकती. स्पंजचा काही वर्षांत भुगा होतो आणि मग सगळेच्या सगळे तुकडे बदलावे लागतात. मॉडेल एमसुद्धा अमर नाही. त्याचा पत्रा प्लॅस्टिकच्या रिव्हेटांनी धरलेला असतो, त्या वयाने तुटतात आणि बटणं सैल पडतात. दुरुस्ती होते, पण प्रत्येक रिव्हेट छिलून तिथे भोक पाडून बारीक बोल्ट बसवावा लागतो. पोरांच्या हाती द्यायचं काम नाही.

बटणांच्या प्लॅस्टिकवरही दोन शब्द, कारण हाताला आधी लागतं ते प्लॅस्टिकच. मॉडेल एमची बटणं पीबीटी नावाच्या प्लॅस्टिकची होती आणि अक्षरं त्यात मुरवलेली, म्हणून ती खरखरीत राहतात आणि अक्षर पुसत नाही. साध्या एबीएस प्लॅस्टिकची बटणं बोटाच्या घामातेलाने गुळगुळीत होतात आणि वरची छपाई उडते. दुरुस्तीला आलेला कीबोर्ड बघून मी मालकाचा धंदा सांगतो. एंटर आणि उजवीकडचे आकडे झिजलेले, वर एफ ५, एफ ८ चकाकतायत, म्हणजे टॅलीवाला: पेमेंट आणि विक्रीची व्हाउचरं. ई आणि डी तुळतुळीत झालेली असली तर इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत, मराठी लिहिणारा, कारण तिथे ई वर काना आणि डी वर पाय मोडायचं चिन्ह. मराठीत कान्याशिवाय शब्द हलत नाही आणि बहुतेक जोडाक्षरांना डी लागतेच.

हे विनोदाने सांगितलं, पण तुमच्या निवडीशी याचा थेट संबंध आहे. कीबोर्डची परीक्षणं लिहिणारे इंग्रजी टाइप करून लिहितात. इनस्क्रिप्टमध्ये ख, घ, थ, ध, भ, ण, श, ळ हे सगळे शिफ्टवर आहेत, आ आणि अ सुद्धा. मराठी लिहिताना शिफ्ट इंग्रजीच्या कितीतरी पट दाबली जाते आणि ती बिचारी करंगळीच्या वाट्याला. म्हणून दुकानात कीबोर्ड हातात घेतला की आधी डाव्या शिफ्टचं एक टोक दाबा, मग दुसरं. लांब बटणाखाली तार असते, ती नीट बसवलेली नसेल तर एका टोकाला बटण तिरकं होऊन अडतं. स्पेसबारचंही तसंच बघा. शिफ्ट अडणाऱ्या कीबोर्डवर "धरण" लिहायला गेलात तर "दरण" उमटेल आणि प्रूफ वाचणारा तुम्हालाच बोलेल.

अक्षरं गळण्याचं आणखी एक कारण असतं. स्वस्त मेंब्रेनमध्ये तारांची जाळी काटकसरीची, त्यामुळे काही तीन बटणं एकत्र पडली की तिसरं कीबोर्ड टाकून देतो. वेगाने लिहिणाऱ्याचं आधीचं बोट उठायच्या आत पुढचं पडतं, त्यात हे सापडतं. तुमचा वेग मिनिटाला चाळीस शब्दांच्या पुढे असणार, म्हणून तुम्हाला जाणवतं. हळू लिहिणाऱ्याला आयुष्यभर कळणार नाही.

सांगलीची म्हणून एक वेगळी अडचण आहे, तीही सांगतो. मार्केट यार्डातल्या अडत दुकानांतून येणारे कीबोर्ड आतून पिवळेधमक असतात. हळदीची धूळ बारीक, ती वर नुसती बसत नाही, आत उतरते. रबरी चादरीचा एक फायदा इथे दिसतो: ती अख्खं अंग झाकून घेते, त्यामुळे धूळ कागदांपर्यंत पोचायला वेळ लागतो. मेकॅनिकल कीबोर्डात, म्हणजे चेरीसारखे प्रत्येक बटणाला स्वतंत्र स्विच असलेल्यात, ती फटीतून पत्तीपर्यंत जाते, आणि मग एकदा दाबलं की दोनदा उमटणं सुरू. तिथे मी दिवाणजींना सरळ साधा कीबोर्ड आणि वर सिलिकॉनचं कव्हर सांगतो, दोन वर्षांनी बदला म्हणतो. पुराच्या बाबतीत मात्र उलटं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी दुकानांत शिरलं त्यानंतर ढिगाने कीबोर्ड आले. मेंब्रेनच्या दोन कागदांत गाळ गेला की चंदेरी रेषा काळ्या पडतात, ते पुन्हा उठत नाहीत. मेकॅनिकल असले तर बटणं उपसून, स्वच्छ पाण्याने धुऊन, मग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून पूर्ण वाळवले की बरेचसे स्विच चालतात आणि उरलेले एकेक बदलता येतात.

नव्या जमान्यात चांगलंही बरंच घडलंय आणि ते मान्य न करणं हा जुन्यांचा हट्ट झाला. २०१४ च्या सुमारास चेरीच्या मूळ पेटंटची मुदत संपली आणि गॅटेरॉन, कैल्ह, आउटेमू अशा चिनी कंपन्यांनी तसेच स्विच काढले. आधी नक्कल म्हणून हिणवले गेले, आता त्यातले काही हाताला मूळ चेरीपेक्षा सुळसुळीत लागतात. बरेच कीबोर्ड असे येतात की स्विच चिमट्याने उपसून दुसरा खोचता येतो, सोल्डरिंगची गरज नाही. तीन-चार हजारांत जाड पीबीटी बटणं मिळतात. ही नवी पोरं स्विच उघडून ग्रीस लावतात, डब्यात फोम भरतात, आणि आवाज असा काढतात की ऐकत राहावं. मिरजेत सतारीच्या घोडीवर जवारी काढणारा कारागीर तार तीच ठेवून नाद बदलतो, त्याच जातीचं हे काम. छंद म्हणून मला पटतं. फक्त दिवसाकाठी पानं मोजून पैसे घेणाऱ्याने त्यात फार गुंतू नये. चुंबकावर चालणाऱ्या हॉल इफेक्ट स्विचांची सध्या मोठी हवा आहे. ते खेळणाऱ्यांसाठी ठीक आहेत आणि नवेही नाहीत, हनीवेलने साठच्या दशकाच्या अखेरीस असे कीबोर्ड केले होते.

लॅपटॉपबद्दल थोडक्यात. तिथे प्रवासच एक-दीड मिलिमीटरचा, बटणाखाली कैचीसारखा सांगाडा आणि त्याच्या आत पुन्हा रबरी टोपी. चांगला कैचीवाला कीबोर्ड हलक्या हाताला त्रास देत नाही. पातळपणाचा हट्ट कुठवर जातो ते ॲपलने दाखवलं. २०१५ मध्ये आणलेले बटरफ्लाय जातीचे कीबोर्ड धुळीच्या कणाने अडायला लागले, २०१८ मध्ये फुकट दुरुस्तीची योजना काढावी लागली आणि २०१९ च्या अखेरीपासून कंपनी पुन्हा कैचीकडे वळली. डीटीपीच्या दिवसभराच्या कामाला लॅपटॉपलाही बाहेरचा कीबोर्ड लावाच.

आता तुमचं काय करायचं. आधी जुना टाकू नका. त्याची पिन गोल, म्हणजे पीएस/२ आहे. "बंद पडला" हे मशीन बदलल्यानंतर झालं असेल तर कीबोर्ड बहुधा ठीक असेल. गोल पिन यूएसबीला जोडायचे ते साधे हिरवे-जांभळे अडॅप्टर सगळ्या कीबोर्डांना चालत नाहीत. आत चिप असलेला, वायरीचा कन्व्हर्टर मागा. जुन्या मशीनला गोल पोर्ट असेल तर मशीन बंद करून पिन लावा, मग चालू करा. चालू मशीनला तो कीबोर्ड लावला तर ओळखला जात नाही आणि पोर्ट जाण्याचीही भीती असते. एखाददुसरंच बटण मेलं असेल किंवा दोनदा उमटत असेल तर तेवढा स्विच सोल्डर काढून बदलायचा, अर्ध्या तासाचं काम. कामात नसलेल्या बटणाचा, म्हणजे स्क्रोल लॉकचा, स्विच काढून तिथे बसवला तरी चालतं, मी नेहमी तेच करतो. पण बटणांची अख्खी ओळ एकदम गेली असेल तर आतल्या पाटीची रेष तुटलीय किंवा चिप गेलीय. रेष असेल तर वायरचा तुकडा जोडून होतं. चिप गेली असेल तर तो कीबोर्ड स्विचांसाठी जपून ठेवा.

नवा घ्यायचा झाला तर तुमच्या हाताला खट्‌ हवंच आहे, तेव्हा निळ्या जातीचा स्विच, यूएसबी, पूर्ण १०४ बटणांचा. आताचा टीव्हीएस गोल्ड दोन-तीन हजारांच्या घरात येतो आणि सुटे भाग सांगलीत मिळतात, ही त्याची खरी बाजू. घरी रात्री काम करत असाल आणि शेजारी कुणी झोपत असेल तर तपकिरी स्विच घ्या. अर्ध्या वाटेवर बोटाला बारीक उंचवटा लागतो, टिक्‌ वाजत नाही. लाल घेऊ नका, त्यात उंचवटाच नाही, म्हणजे खबर मिळायची राहिलीच. आणि दिसायला गोंडस म्हणून उजवीकडचे आकडे नसलेला छोटा कीबोर्ड कुणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. तुमच्याकडे जुन्या फाँटच्या फायली येत असणार आणि त्यातली काही अक्षरं ऑल्ट धरून आकडे मारल्याशिवाय येतच नाहीत.

पहिले आठ-दहा दिवस एक करा. बोटांना तळ ठोकायची सवय लागलीय, ती आपोआप जाणार नाही. नव्या कीबोर्डवर मुद्दाम हलक्या हाताने, टिक्‌ ऐकू आलं की बोट उचलायचं, एवढंच लक्षात ठेवून रोज एक पान लिहा. वेग थोडा पडेल, पडू द्या. गिऱ्हाइकाचं घाईचं काम तेवढे दिवस दुसऱ्या कीबोर्डवर करा. इन्स्टिट्यूटमध्ये मुलांना शिकवत असाल तर त्यांना मात्र साध्या रबरी कीबोर्डवरही बसवत जा, परीक्षेला केंद्रावर जो कीबोर्ड समोर येईल त्यावरच त्यांना लिहायचं असतं.